तंबाखू आणि दारूचा एकत्रित धोका: परस्परक्रिया नाही असे लिहावे का?

मिरजेची पीजी:
सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या प्रबंधासाठी मी सांगली जिल्ह्यातील तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा केस-कंट्रोल अभ्यास (रुग्ण आणि आजार नसलेले ‘कंट्रोल’ यांच्या सवयींची तुलना) करत आहे. तंबाखू आणि दारू या दोन्हींचे ऑड्स रेशो (सवय असलेल्यांत आजाराची शक्यता किती पट, याचे माप) मोठे येतात. मात्र दोन्हींचा परिणाम एकत्र मोजणाऱ्या लॉजिस्टिक रिग्रेशन या मॉडेलमध्ये दोहोंच्या गुणाकाराचे पद घातले, की त्याची पी-व्हॅल्यू 0.05 च्या बरीच वर जाते, म्हणजे ते पद संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरत नाही. तेव्हा ‘परस्परक्रिया आढळली नाही’ असे लिहावे, असे गाईड सरांचे मत आहे. ते योग्य ठरेल का?

सातारकर:
तेवढ्यावरून असे लिहू नये. एकत्रित ऑड्स रेशो हा दोन स्वतंत्र ऑड्स रेशोंच्या गुणाकाराहून वेगळा आहे का, एवढेच ते पद तपासते, आणि नमुना लहान असेल तर तेही धडपणे सांगत नाही. हॅमंड, सेलिकॉफ आणि सायडमन यांनी 1979 मध्ये दिलेले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्युदर पाहा. दर लाख व्यक्ती-वर्षांमागे ॲस्बेस्टॉस व धूम्रपान दोन्ही नसलेल्यांत 11.3, केवळ ॲस्बेस्टॉस असलेल्यांत 58.4, केवळ धूम्रपान करणाऱ्यांत 122.6 आणि दोन्ही असलेल्यांत 601.6. दोन्ही नसलेल्यांच्या पटीत मांडल्यास 5.2, 10.8 आणि 53.2. पहिल्या दोहोंचा गुणाकार 56 च्या आसपास जातो, म्हणजे आपले मॉडेल इथेही ‘परस्परक्रिया नाही’ असेच म्हणाले असते. नुसती बेरीज धरली तर मात्र 58.4 + 122.6 − 11.3, म्हणजे 169.7 अपेक्षित होते. वरचे सुमारे 432 मृत्यू दोन्ही घटक एकत्र आल्यामुळे झालेले आहेत. सार्वजनिक आरोग्याला कामाचा आकडा हाच. म्हणून साथरोगतज्ज्ञ रॉथमन यांचे ‘रेरी’ (RERI, परस्परक्रियेमुळे वाढलेला सापेक्ष धोका) काढावे: एकत्रित पटीतून दोन्ही स्वतंत्र पटी वजा करून 1 मिळवायचा. वरच्या उदाहरणात ते 38 च्या आसपास येते. शून्य आले तरच बेरजेच्या मापावर परस्परक्रिया नाही.

सांगलीचे संख्याशास्त्र शिक्षक:
सहमत. रेरी मुळात धोक्याच्या पटींवर बेतलेले आहे. तोंडाचा कर्करोग विरळ असल्याने त्या जागी ऑड्स रेशो चालतो, मधुमेहासारख्या सर्रास आढळणाऱ्या आजारात चालणार नाही. दुसरे म्हणजे, मिश्रीचा प्रश्न वेगळा विचारला होता ना? रोज सकाळी मिश्री लावणाऱ्या बाईला ‘तंबाखू खाता का’ असे विचारले, तर ती सरळ ‘नाही’ म्हणते आणि तुमच्या तक्त्यात चुकीच्या रकान्यात जाऊन बसते.

मिरजेची पीजी:
मिश्रीचा प्रश्न वेगळा होता, सर. अडचण अशी, की ‘केवळ दारू’च्या रकान्यात फार थोडी माणसे आहेत आणि स्त्री तर एकही नाही.

सांगलीचे संख्याशास्त्र शिक्षक:
मग स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न या माहितीवरून सुटणारच नाही. रेरी केवळ पुरुषांचे काढा आणि तसे स्पष्ट लिहा. इतक्या विरळ रकान्यावर डेल्टा पद्धतीने (अंदाजे सूत्राने) काढलेल्या विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा त्याच्या कडा, भरवशाच्या नसतात, आणि बूटस्ट्रॅपच्या (त्याच नमुन्यातून पुन्हा पुन्हा नमुने काढण्याच्या) काही फेऱ्यांत तो रकाना रिकामाच निघू शकतो. रेरी विश्वासमर्यादांसह द्याच, पण त्याआधी चारही गटांतील रुग्ण आणि कंट्रोल यांची कच्ची संख्या तक्त्यात मांडा.