तंजावरी मराठी: तुमच्या घरात अजून कोण बोलतं?

माझं माहेर पुणे, सासर तंजावरी मराठी. लग्न होऊन चेन्नईला आले त्या आठवड्यात सासूबाई माझ्या आमटीला ‘चोखट’ (म्हणजे छान) म्हणाल्या. तोवर हा शब्द मी पोथीतच वाचलेला! १६७५-७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतलं, त्यांच्यासोबत आणि मागोमाग कावेरीकाठी गेलेल्यांची ही बोली. आता घरात ती बोलणाऱ्या सासूबाई एकट्याच. नवऱ्याला सगळं कळतं, पण उत्तर तमिळमध्ये. मुलीशी मी पुणेरी बोलते, म्हणजे मोडण्यात माझाही हात आहेच. तुमच्याकडे काय चित्र आहे? शुद्धलेखन बघत बसू नका, लिहा.

०००

कुंभकोणम. आम्ही मराठी लिहितो ती तमिळ लिपीत. तिथे क, ख, ग, घ सगळ्यांना एकच अक्षर. बोलणारा समोर असला की अडत नाही. आजी गेल्यावर तिची लोणच्यांची वही उघडली, तर ‘खार’ घालायचा की ‘गार’ काहीतरी, यावर आम्हा भावंडांत वाद. विचारणार कुणाला? (हे भाचीकडून तपासून घेतलंय. ती ठाण्यात असते, देवनागरी तिलाच येते.)

०००

नोकरीसाठी पुण्यात दोन वर्षं होतो. डब्यात डांगर पच्चडी बघून सगळे खूश, ‘अरे, हे तर आमचं डांगर!’ तोंड उघडलं की मात्र हसायचे. एकाने तर माझी मराठी ‘सुधारायला’ घेतली. तिसऱ्या महिन्यापासून मी इंग्रजीत बोलू लागलो. तमिळ लोक आम्हाला ‘रायर’ (म्हणजे राव) म्हणतात, पण हसत नाहीत.

०००

तंजावरच्या मोठ्या देवळात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. बाबा लहानपणापासून त्या भिंतीजवळून जायचे. मराठी अक्षरांची ओळख नाही, त्यामुळे ते नुसतं नक्षीकाम. एकदा सोलापूरकडची मंडळी तिथे मोठ्याने वाचत होती. बाबा थबकले. बरंचसं कळत होतं त्यांना! घरी येऊन दोन दिवस तेच. मला मात्र त्यांनी मराठी शिकवली नाही, शाळेत मागे पडेन म्हणून. राग येतो, पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

०००

आमच्याकडे ती फक्त साडीच्या दुकानात जिवंत आहे. चेन्नईच्या टी. नगरला भाव करताना आई आणि मी मराठीत कुजबुजतो. दुकानदाराला कळू नये एवढाच उपयोग.

०००

कुंभकोणमकर, सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, लोणच्यात गार पाणी कोण घालतं? खारच तो. वहीची बाकीची पानं फोनवर वाचून दाखवा म्हणतायत, दुपारी चारनंतर.