डॅफोडिलचे पाणी कधी थांबवावे?

डॅफोडिल या कंदापासून उगवणाऱ्या फुलझाडाची फुले सुकताच पाणी बंद करावे, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. फुले गेल्यानंतरचे साधारण 6 आठवडे हाच या झाडाच्या पोटपूजेचा काळ असतो, कारण हिरवी पाने तयार करत असलेले अन्न कंदात साठत जाते आणि पुढील वर्षाची कळीही त्याच सुमारास कंदाच्या आत आकार घेऊ लागते. तेव्हा माती कोरडी पडली, तर पुढच्या वसंतात नुसती पाने येतात. पाने आपणहून पिवळी पडली, की मात्र पाणी थांबवावे. उन्हाळ्यात सुप्त कंद उबदार, ओल्या मातीत बुडापासून कुजतो. शरद ऋतूत मुळे फुटताना पुन्हा ओलावा द्यावा. कुंडी लवकर सुकते, म्हणून तिथे बोटाने माती तपासणे बरे.