मोजणी म्हणजे नुसती सही नव्हे
ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) आलेल्या नव्या सिस्टर्सनी आधी उपकरणं ओळखायला शिकावं, चेकलिस्ट काय, नुसता कागद आहे, हे मत मला अजिबात पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 सालची शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची ती 19 मुद्द्यांची यादी भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला ओटीबाहेर नेण्याआधी, अशी तीनदा थांबायला लावते. त्या थांबण्यालाच किंमत आहे.

मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी तुकडे, मोजताना स्क्रब नर्स (सर्जनला उपकरणं हातात देणारी) आणि सर्क्युलेटिंग नर्स (बाहेरून सामान पुरवणारी), दोघांनी एकेक मॉप सुटा करून मोठ्याने मोजायचा. एक्स-रेत दिसणारी त्यातली पट्टी डोळ्यांनी बघायची. रक्तात भिजलेले दोन मॉप एकमेकांना चिकटून एकच वाटतात, मी स्वतः पाहिलंय. पोट शिवायच्या आधी मोजणी जुळली नाही, तर सर्जन कितीही घाईत असोत, "सर, थांबा, एक कमी आहे," असं म्हणता आलं पाहिजे. एवढं बोलायचं बळ पुस्तकातून येत नाही, सीनिअरने शेजारी उभं राहून द्यावं लागतं.

म्हणून प्रशिक्षणाचे तास ड्युटीतच धरा. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला वर्गात बसवून काय उपयोग? आणि रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या खोलीत, रुग्णाचं तापमान 36 अंशांखाली तर गेलं नाही ना, हे बघायलाही शिकवा. ते फार वेळा राहून जातं.