मदत हवी आहे: गाडीत १५डब्ल्यू-४० ऑइल टाकलं त चालते काय? (अर्जंट)

कपाशीवाला: लवकर सांगा भाऊ. गाडीचं ऑइल बदलवायचं आहे, गावातला मिस्तरी उद्या सकाळीच घरी येते. ट्रॅक्टरसाठी आणलेला १५डब्ल्यू-४० चा डबा पडून आहे, तोच टाकू म्हणतो. चालते ना? आणि किती किलोमीटरनं बदलवायचं? शोरूमवाला म्हणते दहा हजार, मिस्तरी म्हणते पाच.

सावजी_रस्सा: गाडी कोणती? पेट्रोल का डिझेल?

कपाशीवाला: ट्रॅक्टरचं ऑइल म्हटलं त डिझेलच असन ना!

वर्धा_काठ: टाक बिनधास्त. आमच्या जुन्या जीपले जन्मभर हेच चाललं. चंद्रपुराकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर, तिथं ते ५डब्ल्यू-३० पाण्यावानी पातळ होते. आपल्याकडं जाडच पाहिजे.

नट_बोल्ट: असं नसतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनसाठी, नंतरचा १०० अंशांवर मोजलेल्या जाडीवरून ठरतो. बाहेर ऊन असो की थंडी, गरम झालेल्या इंजिनातलं ऑइल साधारण त्याच तापमानाला राहतं. गाडी कोणत्या सालची? एप्रिल २०२० नंतरची असेल तर बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांची. तिथं जाड-पातळ ही नंतरची गोष्ट.

वर्धा_काठ: सहा असो का साठ, इंजिन ते इंजिन. हे सगळे कंपनीचे पैसे काढायचे धंदे.

कपाशीवाला: २०२१ ची. कंपनी नाई सांगत, मग सारे तिच्यावरूनच भांडता.

नट_बोल्ट: मग ट्रॅक्टरचा डबा विसरा. तुमच्या सायलेन्सरच्या लाइनीत काजळी अडवायची जाळी आहे, डीपीएफ. काजळी साचली की गाडी ती स्वतः जाळते. पण साध्या डिझेल ऑइलची राख जळत नाही, जाळीत बसत जाते. म्हणून कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यामागे एसीईए (युरोपातला ऑइलचा दर्जा) सी२ किंवा सी३ असं काहीतरी असतं. गाडीच्या पुस्तकात नेमकं जे लिहिलंय तेच घ्या.

संत्र्याची_बाग: माझी पेट्रोल आहे. शोरूमनं ०डब्ल्यू-१६ टाकलं. एवढं पातळ? इंजिन जाईन ना?

नट_बोल्ट: पुस्तकात तेच असेल तर तेच. पेट्रोलसाठी वेगळा धागा काढा हो.

समृद्धीवरचा: ऑइलचं सोडा, टायरमध्ये नायट्रोजन भरा. समृद्धीवर १२० नं जायचं त टायर पहिले.

सावजी_रस्सा: त्याले समृद्धीवर जायचं आहे असं कोन म्हटलं?

जुना_फोरमन: एसटीच्या वर्कशॉपात होतो. एकच विचारतो, ऑइलची पट्टी काढून पायली काय?

कपाशीवाला: पायली ना काका. कमी व्हायचं सोडून उलट वाढलं, मॅक्सच्या खुणेच्या वर बोटभर. गाडी ऑइल खात नाई, चांगलंच आहे ना?

जुना_फोरमन: अरे राजा, ऑइल कधी वाढते काय! वास घे, डिझेल येईन. गाडी फिरते कुठं?

कपाशीवाला: घर ते वावर, वावर ते डेअरी, तीन-चार किलोमीटर. मधातच पिवळा दिवा लागते, पण गाडी बंद करून चालू केली का जाते.

जुना_फोरमन: काजळी जाळाले गाडी जास्तीचं डिझेल मारते. तू मधातच बंद करतं. जळणं अर्धं रायते, डिझेल खाली ऑइलात उतरते. पातळ ऑइलावर बेअरिंग जाते. लय वाढलं त इंजिन तेच ऑइल ओढून आपोआप पळत सुटते, चावी फिरवूनही बंद होत नाई.

वर्धा_काठ: म्हणूनच म्हणतो जाड टाका, पातळ होऊनही पुरते.

नट_बोल्ट: डिझेल उतरायचं थांबणार आहे का त्यानं? दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, हे हायवेवर चालणाऱ्या गाडीचं. पुस्तकात धूळ आणि कमी अंतराच्या वापरासाठी वेगळा हिशोब असतो. अशा गाडीला पाच हजार किंवा सहा महिने म्हणणारा मिस्तरीच बरोबर. फिल्टरही बदला. आणि पुढच्या वेळी दिवा लागला की डांबरी रस्त्यावर १५-२० मिनिटं ६० च्या वर चालवा.

कपाशीवाला: मंग आताच यवतमाळले जातो, ऑइलही आणतो अन् जाळीही जळून जाईन.

जुना_फोरमन: त्या ऑइलावर गाडी दामटू नको! पहिले हे काढ, नवीन टाक, मग कुठंही पळव. डबा आणाले एसटीनं जाय. आणि जाताना पुस्तकातल्या पानाचा फोटो घेऊन जाय, नाही त दुकानदार जे पडून आहे तेच देईन.