मदत हवी आहे: इम्युनोथेरपी चालू आहे, पांढऱ्या पेशी 3,200. वाढवायच्या का?

गोदाकाठ: रुग्ण वडील, वय 63, फुफ्फुसाचा कर्करोग (अ‍ॅडिनोकार्सिनोमा). दर तीन आठवड्यांनी मुंबईत पेम्ब्रोलिझुमॅब 200 मिग्रॅ (हीच इम्युनोथेरपी), सोबत केमोची पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन. मधल्या रक्त तपासण्या नाशिकलाच. डोसनंतर अकराव्या दिवशीचा रिपोर्ट: एकूण पांढऱ्या पेशी 3,200, न्यूट्रोफिल 58 टक्के, लिम्फोसाइट 30 टक्के, प्लेटलेट 1,42,000. ताप नाही. इम्युनोथेरपीचं औषध पांढऱ्या पेशींकडूनच काम करून घेतं म्हणतात, मग पेशी कमी असताना ते वाया जातं का? पेशी वाढवायचं इंजेक्शन मागावं का? घरात गुळवेलीचा काढा द्यायचं चाललंय.

पंचवटीकर: एकूण आकडा बाजूला ठेवा. 3,200 चे 58 टक्के म्हणजे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 1,856. पेमेट्रेक्सेडचा पुढचा डोस द्यायला न्यूट्रोफिल निदान 1,500 आणि प्लेटलेट 1 लाख लागतात, म्हणजे तुमचे आकडे आजही त्या रेषेच्या वर आहेत. शिवाय ही घट बहुतेक केमोची आहे. डोसनंतर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पेशी उतरतात आणि मग सावरतात.

आता औषध वाया जाण्याबद्दल. पेम्ब्रोलिझुमॅब पेशींची संख्या वाढवत नाही. कर्करोगाशी लढणाऱ्या टी पेशी हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार. त्यांच्यावर पीडी-1 नावाचा ब्रेक असतो आणि गाठीतल्या पेशी तो दाबून धरतात. औषध पीडी-1 वर जाऊन बसतं, त्यामुळे ब्रेक लागत नाही. ही झुंज गाठीत आणि लसिका ग्रंथींत चालते. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम 2 टक्के रक्तात असतात, त्यामुळे सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) पाहून औषध लागू पडतंय की नाही ते कळत नाही. ते स्कॅनवरच कळतं.

पेशी वाढवायचं इंजेक्शन न्यूट्रोफिल वाढवतं, म्हणजे जंतुसंसर्गापासून बचाव. टी पेशींना त्याचा उपयोग नाही. द्यायचं की नाही ते कर्करोगतज्ज्ञच ठरवतील, स्वतःहून आग्रह धरू नका. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज चालू आहे ना आणि बी-12 चं इंजेक्शन दर 9 आठवड्यांनी होतंय ना, हे मात्र आजच तपासा. पेमेट्रेक्सेडवर ही दोन्ही चुकली की पेशी फार खाली जातात, आणि घरी नेमकी हीच गोळी ‘साधं व्हिटॅमिन’ म्हणून राहून जाते.

सिडकोवासी: लॅबच्या बाजूने थोडं. सीबीसीची जांभळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरावी आणि लगेच 8-10 वेळा हळुवार उलटसुलट करावी. हे राहिलं तर बारीक गुठळी होते, प्लेटलेट खोट्याच कमी दिसतात, कधी पांढऱ्या पेशीही. आकडा अचानक पडला तर नमुना पुन्हा द्या. दर वेळी लॅब एकच ठेवा. आणि पेमेट्रेक्सेडच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस डेक्सामेथासोन असतं. त्या दिवसांत काढलेल्या रक्तात न्यूट्रोफिल फुगलेले येतात, ती सुधारणा धरू नका.

गोदाकाठ: डेक्सामेथासोन स्टेरॉइडच ना? त्याने इम्युनोथेरपी दबणार नाही? आणि काढ्याचं काय?

पंचवटीकर: तीन दिवसांचं ते स्टेरॉइड उपचाराचाच भाग आहे, बंद करू नका. गुळवेल मात्र कृपया नको. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. पेम्ब्रोलिझुमॅबनेही यकृताला सूज येऊ शकते. रिपोर्टमध्ये यकृताचे एन्झाइम वाढले तर दोष कुणाचा ते कळणार नाही आणि डोस अडकून पडेल. पपईच्या पानांचा रसही त्याच कारणासाठी टाळा.

ब्रेक निघालेल्या टी पेशी कधी आपल्याच अवयवांवर जातात, खरी काळजी तिथे घ्या. रोजच्यापेक्षा चार किंवा जास्त जुलाब, नवा कोरडा खोकला किंवा दम, डोळे पिवळे, छातीत दुखणं, पापणी खाली येणं: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मुंबईला फोन. ‘उष्णता झाली’ म्हणून जुलाब थांबवायची गोळी देऊन वाट पाहू नका, आतड्याची सूज झाकली जाते. वेळेत स्टेरॉइड मिळालं तर बहुतेकदा ती आटोक्यात येते, मग स्टेरॉइडचा डोस हळूहळू, 4 ते 6 आठवड्यांत उतरवतात. इम्युनोथेरपीच्या शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही हा त्रास होऊ शकतो.

ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर मुंबईची गाडी पकडू नका. कसारा घाट उतरून मुंबईला पोहोचण्यात काही तास जातात, आणि न्यूट्रोफिल कमी असताना अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात शिरेतून जायला हवा. नाशिकमध्येच जवळच्या आयसीयू असलेल्या रुग्णालयात जा. पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा. एका कागदावर औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, मुंबईचा फोन नंबर आणि ‘इम्युनोथेरपी, फक्त केमो नव्हे’ असं ठळक लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. रात्रपाळीच्या डॉक्टरांना तेवढंच आधी दिसलं पाहिजे.

गोदाकाठ: फॉलिक अ‍ॅसिडचं पाकीट पाहिलं, गोळ्या मध्येच चुकल्यात. आज देतो आणि सकाळी मुंबईला फोन करून कळवतो. काढा बंद.