पेरूजची दुकानघरं: गिलावा खरवडा म्हणणाऱ्यांसाठी

चुनाभट्टी: पेरूज, म्हणजे फ्रान्समधलं ल्योंजवळचं तटबंदीचं मध्ययुगीन गाव. 'पेरूज म्हणजे पर्यटकांसाठी मांडलेला सेट. व्यापाऱ्यांच्या घरांचा गिलावा खरवडा, मूळ दगड दिसू द्या' ही पोस्ट वाचून लोक माना डोलावताहेत, म्हणून हा धागा. अहो, गोट्यांची भिंत उघडी ठेवायला बांधतच नसत. घडीव दगड कोपऱ्यांना आणि चौकटींना, मधे गोटे नि चुना. चौकटीचा दगड भिंतीच्या दोनेक सेंटिमीटर पुढे असेल, तर तेवढा गिलावा तिथे होता. खरवडून मिळतं ते मूळ रूप नव्हे, उघडं हाड.

नाठाळ_नाना: सेट नाही तर काय? गावात जेमतेम नव्वद माणसं उरली होती, १९११च्या सुमारास गाव जपायला झालेल्या समितीने वाचवलं, तेव्हापासून डागडुजीच चालू. आणि चुन्याचं कौतुक पुरे. सिमेंटने सांधे भरा, पन्नास वर्षं बघायला नको.

चुनाभट्टी: बघायला नकोच, कारण भिंत राहणार नाही! सिमेंट ओल आत कोंडतं. थंडीत ती गोठते, मऊ दगडाचे पापुद्रे सुटतात, सिमेंटची रेघ तेवढी शाबूत. भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं कुजतात ती वेगळीच. सांधे रुंदीच्या दुप्पट खोल कोरा, धूळ काढा, भिंत भिजवा. एक भाग चुना, अडीच-तीन भाग धारदार वाळू. गोलमटोल वाळू धरत नाही. ५ अंशांखाली काम बंद, नंतर काही दिवस ओली गोणपाटं.

नाठाळ_नाना: गोणपाटं बदलायला रोज कोण जाणार, तुम्ही?

उलटी_फळी: तुमचं चुन्यावरून चालू द्या. त्या घरांतलं दुकान कुणी बघितलं का? रू दे प्रँस या तिथल्या दुकानांच्या गल्लीत दगडी ओटा रस्त्याकडे पुढे येतो. माल ओट्यावर, गिऱ्हाईक रस्त्यावर, दुकानदार आत. ओटा नसेल तिथे आडव्या बिजागरीची दोन झडपं: खालचं उघडून फळी, वरचं उचलून छप्पर. कमानीत काच लावली की दुकान मेलंच. लावायचीच तर चौकट मागे सरकवून, दगडाला भोक न पाडता.

सव्वा_शहाणे: फ्रान्समधलं गाव म्हणून दुकानं 'फ्रेंच' समजू नका. १६०१च्या तहापर्यंत पेरूज सॅव्हॉय या वेगळ्या संस्थानाचं होतं. १४६८चा वेढा झेलला तो फ्रान्सच्या दोफिने प्रांताच्या फौजेचाच.

चुनाभट्टी: सॅव्हॉयचा असो नाहीतर फ्रान्सचा, चुना चुनाच. विषयावर या.

नाठाळ_नाना: बरं बाबा, गिलावा राहू द्या, चौकटीच्या कडेचा मुद्दा मान्य. पण चुना किती दिवसांत वाळतो ते एकदा सांगा.

चुनाभट्टी: वाळत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो. घाईत वाळला की भुगा. जाड थर एकदम द्याल तर भेगा. एकावर एक पातळ थर, प्रत्येकाला उसंत.