आयडाहोचा खुनी कोणी पकडून दिला, शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याने की चाकूच्या म्यानाने?

रातकिडा

१३ नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, मॉस्को नावाच्या छोट्या विद्यापीठी गावात, किंग रोडवरच्या एका भाड्याच्या घरात चार विद्यार्थ्यांचा चाकूने खून झाला. संशयित म्हणून कोणाचं नाव जाहीर व्हायला दीड महिना लागला. ३० डिसेंबरला ब्रायन कोहबर्गर पेनसिल्व्हेनियात आईवडिलांच्या घरी पकडला गेला. २ जुलै २०२५ ला त्याने गुन्हा कबूल केला. त्यामुळे मृत्युदंड टळला आणि २३ जुलैला एकापाठोपाठ भोगायच्या चार जन्मठेपा झाल्या.

हे प्रकरण मी पहिल्यापासून वाचत आलोय. अटकेनंतर पोलिसांचं शपथपत्र बाहेर आलं आणि माझं मत पक्कं झालं. आसपासच्या घरांच्या कॅमेऱ्यांत एक पांढरी ह्युंदाई एलांट्रा दिसते. ३:२९ ला ती पहिल्यांदा येते, तीन फेऱ्या मारते, ४:०४ च्या सुमाराला चौथ्यांदा येते आणि ४:२० ला सुसाट निघून जाते. शेजारच्या घराचा कॅमेरा एका मृत मुलीच्या खोलीच्या भिंतीपासून पन्नास फुटांच्याही आत होता. ४:१७ ला त्यात अस्पष्ट बोलणं किंवा कण्हणं, मग धप्प असा मोठा आवाज आणि कुत्र्याचं भुंकणं आलंय.

यातला एकही कॅमेरा खून पकडण्यासाठी लावलेला नव्हता. पण ते नसते तर पोलिसांच्या हातात वेळ नाही, गाडी नाही, काहीच नसतं. तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला परवडतं त्याने दाराशी कॅमेरा लावावा, आणि पोलिसांनी खुनाच्या तपासात मागितलं तर कुरकुर न करता चित्रण द्यावं. 'आमचं खासगी आयुष्य' हे रडगाणं चार प्रेतांसमोर मला पटत नाही.

तिरकस

प्रेतं समोर ठेवली की पुढचा माणूस गप्प बसतो, ही युक्ती जुनी आहे. मी बसणार नाही.

'काहीच नसतं' हे तर चूकच. खोलीत चाकूचं चामडी म्यान राहिलं होतं आणि त्याच्या बटणावर एका पुरुषाचा डीएनए होता. पोलिसांच्या साठ्यात तो कोणाशी जुळेना, तेव्हा एफबीआयने वंशावळीच्या मार्गाने, म्हणजे लांबच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून घराणं शोधत, नाव काढलं. ते १९ डिसेंबरला तपास अधिकाऱ्यांकडे आलं. ज्या शपथपत्राने तुमचं मत पक्कं केलं, त्यात या वंशावळीच्या शोधाचा उल्लेखच नाही. तो नंतर न्यायालयात उघड झाला. शपथपत्र वाचलं की वाटतं गाडीवरून माणूस सापडला. प्रत्यक्षात माणूस आधी सापडला आणि मग गाडी त्याला चिकटवली.

पोलिसांनी कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने सांगायची हे ठरवलं आणि तुम्ही तोच क्रम खरा धरलात.

रातकिडा

अर्धंच सांगताय. २५ नोव्हेंबरला मॉस्को पोलिसांनी आसपासच्या पोलिसांना पांढऱ्या एलांट्रावर लक्ष ठेवायला सांगितलं. २९ तारखेला शेजारच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पोलिसाने नोंदी चाळून २०१५ ची पांढरी एलांट्रा काढली, मालक कोहबर्गर. म्हणजे डीएनएच्या तीन आठवडे आधी कॅमेऱ्यांमुळे त्याचं नाव कागदावर आलेलं होतं!

तिरकस

आलं होतं आणि ढिगात पडून होतं. तीन आठवडे. तुम्ही माझाच मुद्दा मांडताय.

तारयंत्र

कॅमेरे बसवणं-दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे थोडं लांबतंय, सांभाळून घ्या.

ते नाव ढिगात का पडून राहिलं याचं एक कारण कॅमेऱ्यातच आहे. चित्रण पाहून एफबीआयच्या जाणकाराने आधी गाडी २०११ ते २०१३ या सालांतली सांगितली. जनतेला आवाहन केलं ७ डिसेंबरला, तेही याच सालांसाठी. आणखी चित्रण पाहिल्यावर अंदाज २०१६ पर्यंत वाढवला. गाडी निघाली २०१५ ची. दरम्यान नोंदणीतून तब्बल २२ हजार पांढऱ्या एलांट्रा निघाल्या होत्या.

यात जाणकाराला दोष देऊ नका. घरच्या कॅमेऱ्याचं भिंग रुंद कोनाचं असतं, सगळं अंगण दिसावं म्हणून. तीस-चाळीस पावलांवरची गाडी त्यात साबणाच्या वडीएवढी. रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो आणि रंग उडतात. पांढरं, चंदेरी, फिकट निळं सगळं एकच. नंबरप्लेट तर स्वतःच्याच दिव्याने नाहीतर आमच्या इन्फ्रारेडने पांढरीफटक होते. त्यात बॅटरीवरचे कॅमेरे हालचाल जाणवल्यावर जागे होतात आणि जागे होईपर्यंत गाडी अर्धी चौकटीबाहेर. लोक मला विचारतात, 'चेहरा स्पष्ट येईल ना?' दारात उभा राहून बेल दाबणाऱ्याचा येईल. रस्त्यावरून जाणाऱ्याचा नाही.

पण याच प्रकरणात कॅमेऱ्याने एक झकास काम केलं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. नंबर दिसला नाही, पण गाडीला पुढची नंबरप्लेटच नाही हे दिसलं. आयडाहो आणि वॉशिंग्टन दोन्हीकडे तेव्हा पुढची प्लेट सक्तीची होती, पेनसिल्व्हेनियात नाही. कोहबर्गरच्या गाडीवर त्या रात्री पेनसिल्व्हेनियाचा नंबर होता. १८ नोव्हेंबरला, म्हणजे पाचच दिवसांनी, त्याने वॉशिंग्टनची नोंदणी करून घेतली. जे दिसलं नाही तेच कामाचं ठरलं.

आणि वेळ. त्याचा फोन २:४७ ला नेटवर्कवरून गायब आणि ४:४८ ला परत हजर. या दोन तासांची पोकळी भरली कोणी? कॅमेऱ्यांनी. डीएनए सांगतो की म्यान याने हाताळलं होतं. कधी हाताळलं ते सांगत नाही. 'म्यान दुसऱ्याने नेलं' म्हणायला वकिलाला जागा राहते. ती जागा गाडीच्या फेऱ्यांनी अरुंद केली. घरचा कॅमेरा म्हणजे घड्याळ समजा, ओळखपरेड नव्हे.

ओसरी

तारयंत्र यांचा प्रतिसाद आवडला, पण ते ज्या आवाजावरून सहज पुढे गेले तिथे मला थांबायचंय.

पन्नास फुटांवरच्या दुसऱ्या घरातलं कण्हणं शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात ऐकू येतं. या वेळी तो खुनाचा पुरावा होता. पण कॅमेरा तिथे वर्षभर असतो ना? त्या भिंतीआडची भांडणं, रडणं, फोनवरची बोलणी, या सगळ्याला त्या घरातल्या कोणी संमती दिली होती? चित्राबद्दल 'रस्ता सार्वजनिक आहे' म्हणता येतं. आवाजाला कुंपण नसतं.

आणि चित्रण जातं कुठे? बहुतेकांचं कंपनीच्या सर्व्हरवर. दारावरचे कॅमेरे विकणाऱ्या ॲमेझॉनच्या रिंग कंपनीने २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेशी, ५८ लाख डॉलरवर प्रकरण मिटवलं. आरोप काय होता, तर कर्मचारी ग्राहकांचं खासगी चित्रण पाहू शकत होते, आणि एकाने बायकांच्या झोपण्याच्या खोल्यांतले, न्हाणीघरांतले हजारो तुकडे पाहिले होते. त्याआधी जुलै २०२२ मध्ये ॲमेझॉनने एका सिनेटरला लिहून कळवलं की त्या वर्षात ११ वेळा मालकाला न विचारता, वॉरंटशिवाय, आणीबाणी म्हणून पोलिसांना चित्रण दिलं. तेव्हा 'कुरकुर न करता द्या' हा सल्ला निरर्थक आहे. तुम्ही द्यायच्या आधीच ते दिलं गेलेलं असू शकतं.

रातकिडा

११ वेळा! लाखो कॅमेऱ्यांत. आणि त्या ११ वेळी समोर जिवाला धोका असल्याचं कंपनीचं म्हणणं होतं. एखादी मुलगी पळवली गेली असेल तर वॉरंटच्या शिक्क्यासाठी न्यायाधीश झोपेतून उठायची वाट बघायची का?

ओसरी

आणीबाणी आहे हे कोणी ठरवलं? पोलिस म्हणाले आणि कंपनीने मान डोलावली. ज्याच्या दारातलं चित्रण, त्याला विचारायला एक फोन लागतो.

अर्धवट_वकील

दोन गोष्टींची गल्लत होतेय. अमेरिकेत मालकाने आपणहून चित्रण दिलं तर वॉरंट लागतच नाही, कारण ती पोलिसांची झडती ठरत नाही. वॉरंटचा प्रश्न मालक नाही म्हणाला किंवा पोलिस थेट कंपनीकडे गेले, की येतो. रिंगने जानेवारी २०२४ मध्ये ॲपमधून पोलिसांनी रहिवाशांकडे चित्रण मागायची सोय बंद केली होती, म्हणजे त्या कंपनीलाही हा ताप वाटत होताच.

माझा आक्षेप वेगळा आहे. शेजारी आपणहून देतो तेव्हा कोणता तुकडा द्यायचा हे तोच ठरवतो. उरलेलं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. आरोपीच्या वकिलाला महिन्यांनी कळतं की त्याच रात्री त्याच कॅमेऱ्यासमोरून दुसरीही गाडी गेली असावी. तोवर तिचा मागमूस राहत नाही. कॅमेरा निःपक्षपाती असेल, तुकडा निवडणारा नसतो.

फिरकी

हे सगळं कोर्टकचेरीचं झालं. मला त्या दीड महिन्याबद्दल बोलायचंय, जेव्हा आपल्यासारखे जगभरचे रिकामटेकडे 'तपास फॉलो' करत होते. मीही त्यात होते.

खाण्याच्या गाडीचं एक थेट प्रक्षेपण असायचं. त्यात दोन मृत मुली खुनाच्या काही तास आधी दिसतात आणि मागे टोपीचा स्वेटर घातलेला एक मुलगा. बास. तो कसा बघतो, हात खिशात का घालतो, यावर हजारो लोक तज्ज्ञ झाले. पोलिसांनी त्याचा संबंध नाही असं सांगितलं तरी थांबेनात. टॅरोची पानं लावून एका बाईने आयडाहो विद्यापीठातल्या प्राध्यापिकेवर खुनाचा आरोप केला आणि चालवत राहिली. प्राध्यापिकेने दावा लावला आणि २०२४ मध्ये न्यायाधीशांनी ती बदनामी असल्याचा निकाल दिला. या दोघांपैकी कोणाचाही खुनाशी काडीचा संबंध नव्हता.

रातकिडा यांना एवढंच विचारते, चित्रण पोलिसांना द्या म्हणता, ठीक. पण हल्ली लोक ते आधी समाजमाध्यमांवर टाकतात आणि मग पोलिसांना देतात. त्याचं काय?

रातकिडा

ते चूकच. त्यात माझं दुमत नाही. पण त्यासाठी कॅमेऱ्याला का झोडपायचं?

आणि सगळे फक्त आयडाहोच धरून बसलेत. कोलोरॅडोमधलं फ्रेडरिक गाव, ऑगस्ट २०१८. क्रिस वॉट्सने गरोदर बायकोला आणि दोन लहान मुलींना मारलं आणि 'बायको मुलींना घेऊन निघून गेली' अशी बतावणी केली. त्यांच्याच दारावरच्या कॅमेऱ्यात ती रात्री १:४८ ला घरात शिरताना दिसते. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात पहाटे याचा ट्रक दारापाशी उलटा लावलेला दिसतो. ते चित्रण शेजाऱ्याच्या टीव्हीवर पोलिसासोबत बघताना हा गृहस्थ इतका अस्वस्थ की तो बाहेर पडताच शेजारी पोलिसाला म्हणाला, याचं काहीतरी बिनसलंय. दोन दिवसांत कबुली. तिथे डीएनएची वंशावळ कुठे होती?

तिरकस

तिथे खुनी घरातलाच होता. पहिला संशय नवऱ्यावर घ्यायला कॅमेरा लागत नाही. आणि तुमच्याच गोष्टीत वॉट्सला उघडं पाडलं कोणी? त्याला ओळखणाऱ्या शेजाऱ्याने. कॅमेऱ्याने ट्रक दाखवला, चेहऱ्यावरची तगमग माणसाने वाचली.

रातकिडा

ती तगमग कशामुळे झाली? टीव्हीवर ट्रक दिसला म्हणून! तुम्हाला कॅमेऱ्याला श्रेय द्यायचंच नाहीये, मग बोलणं खुंटलं.

तारयंत्र

भांडा हवं तेवढं, पण ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी आधी त्याचं घड्याळ तपासा. घरी रेकॉर्डर असेल तर तो पाच-सात मिनिटं मागेपुढे असणं अगदी नेहमीचं. आयडाहोत सगळा खेळ ४:०४ ते ४:२० या सोळा मिनिटांचा होता. पोलिसांनी मागितलं तर पडद्याचं मोबाइलने केलेलं चित्रण देऊ नका, मूळ फाइल काढून द्या, आणि फरक किती मिनिटांचा आहे ते लेखी द्या. तुकडा न तोडता आधी-नंतरचे काही तासही द्या, म्हणजे वकीलसाहेबांची तक्रार मिटेल.

ओसरी

आणि आवाज?

तारयंत्र

बहुतेक कॅमेऱ्यांत तो बंद करायची सोय असते. माझ्या गिऱ्हाइकांपैकी फारच थोडे करतात.

ओसरी

मग सगळ्यांनी करावा.

रातकिडा

केला असता तर ४:१७ कळलं नसतं.